निळी शाई कुठवर गेली

एका गोष्टीचा अर्धा भाग मी रायपुरात भेटेल त्याला सांगितला आहे. उरलेला अर्धा मात्र कुणालाच नाही — नवऱ्याला नाही, आईला नाही, देवासमोर हात जोडूनसुद्धा नाही. माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं आमच्या ब्राह्मणपाऱ्यात मी लहान असल्यापासून म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही. मग हा एकच तीळ इतकी वर्षं कसा भिजला? तुम्हाला सांगायला बसले आहे खरी, पण आधी तो सांगून सांगून पाठ झालेला अर्धाच सांगते. त्याशिवाय मला सुरुवात जमणार नाही.

पाठ झालेला अर्धा असा — सुजातानं मला दगा दिला.

सुजाता माझी मैत्रीण. डेंटल कॉलेजच्या पहिल्या वर्षापासून आम्ही एका बाकावर. ती रायपूरला लागून असलेल्या बीरगांवची, तिचे वडील तिथल्याच उरला वसाहतीतल्या कारखान्यात. माझे बाबा रेल्वेच्या ऑफिसात. दोन्ही घरं मूळची विदर्भातली. सगळा वर्ग हिंदीत बोलायचा, मराठीत भांडायला आम्हाला एकमेकींशिवाय कुणी नव्हतं. पुढे एम.डी.एस.लाही दोघी एकाच विभागात, रूट कॅनलच्या. शिक्षण संपलं की समता कॉलोनीत दोघींनी मिळून दवाखाना टाकायचा हे ठरलेलं होतं. नुसतं बोलण्यात नाही — जागा बघून ठेवली होती, एका मेडिकल स्टोअरच्या वर. पाटीवर कुणाचं नाव आधी, यावरून रुसवेफुगवे झाले होते. फरशीच्या टाइल्सचा रंगही ठरत आला होता. मला पांढऱ्या हव्या होत्या, ती म्हणायची, "पांढऱ्यावर सगळंच दिसते वं. हलका हिरवा घेऊ."

आणि एके दिवशी आमचे सर, म्हणजे विभागाचे प्रमुख, सहज बोलून गेले. विभागात शिकवण्याची एक जागा निघणार होती. सुजाता इथेच थांबते आहे, ते म्हणाले, तिनं तर दिवाळीच्या आधीच होकार दिला — तुला माहीत नाही?

मला माहीत नव्हतं. मी हसले आणि म्हणाले, हो, हो, बोलली होती. का म्हणाले असेन? आपल्याला आपल्याच मैत्रिणीनं सांगितलं नाही, हे दुसऱ्यासमोर कबूल करणं सोपं असतं का?

होकार दिवाळीच्या आधीचा. टाइल्सची दुकानं आम्ही पालथी घातली ती दिवाळीनंतर. हे मला आजही गिळता येत नाही. नोकरी घ्यायची होती तर घ्यायची, कोण अडवत होतं तिला? पण ज्या दवाखान्यात आपण पाय ठेवणार नाही, त्याच्या फरशीचा रंग ती माझ्याबरोबर दुकानादुकानांतून फिरून निवडत राहिली. दुकानदाराशी घासाघीस करत राहिली. माझ्या हातातला नमुना घेऊन उजेडात धरून बघत राहिली — हे कसलं वागणं? मला तोडून टाकलं असतं तरी एवढं लागलं नसतं.

इथपर्यंतचं सगळं मी सांगत आले आहे. लग्नात, बारशात, हळदीकुंकवात. ऐकणाऱ्या बायका हळहळतात — बाई गं, इतकी जवळची आणि असं करावं? मी सुस्कारा सोडते. तो सुस्कारा खरा आहे बरं का. मी आज कबुली द्यायला बसले म्हणून तेव्हाचं दुःख खोटं होतं असं म्हणणार नाही. मी फसवली गेले होते. तिच्यावरचा राग हे लिहितानाही येतो आहे.

आता — थांबा. त्याआधी थोडं दातांचं सांगावं लागेल. ही टाळाटाळ नाही. म्हणजे, थोडी आहे.

रूट कॅनल करूनही कधी कधी मुळाच्या टोकाशी पू होत राहतो. मग हिरडी उघडून ते टोक कापावं लागतं आणि कापलेल्या तोंडाला बूच मारावं लागतं. हे बूच कशाचं असावं, हा सुजाताच्या प्रबंधाचा विषय. एक जुनं सिमेंट — जस्ताची पूड लवंगेच्या तेलात कालवलेली. दुसरं नवं — पांढरी पूड, पाण्यात कालवायची, ओल्यातही घट्ट होणारी. दोन्हींत कुणाचं बूच पक्कं बसतं, एवढंच बघायचं. सरांचा जीव पांढऱ्यावर होता. जुन्याचं नाव काढलं तरी ते नाक मुरडायचे.

तपासायची रीत ऐकाल तर हसाल. गावभरच्या दवाखान्यांतून काढून टाकलेले दात गोळा करायचे, धुवायचे, त्यांची मुळं भरायची, टोकं कापायची, बुचं मारायची. मग कापलेलं तोंड तेवढं सोडून सगळ्या मुळाला नेलपॉलिश लावायचं — बाजूनं काही आत शिरायला नको म्हणून — आणि दात निळ्या शाईत बुडवून ठेवायचे. नंतर दात उभा चिरायचा आणि भिंगाखाली बघायचं, बुचाच्या कडेनं शाई आत कुठवर गेली. शाई जितकी आत, तितकं सिमेंट कुचकामी. त्याप्रमाणे प्रत्येक दाताला एक आकडा द्यायचा — शाई खोल, तर आकडा मोठा.

ते नेलपॉलिश घ्यायला गोलबाजारात मीच तिच्याबरोबर गेले होते. दोन सिमेंटांचे दात एकमेकांत मिसळायला नकोत म्हणून दोन रंग — जुन्याला गडद लाल, पांढऱ्याला गुलाबी. एकेका रंगाच्या इतक्या बाटल्या घेतल्यावर दुकानदारानं विचारलं, "दीदी, शादी है क्या घर में?" सुजाता तोंड अगदी गंभीर करून म्हणाली, "हव भैया, दांतों की." आम्ही स्कूटीपर्यंत हसत गेलो. ते हसणं तिनं होकार देण्याआधीचं की नंतरचं, हे मी पुष्कळदा आठवून बघितलं आहे. आठवत नाही.

चिरलेले दात बघणाऱ्याला कोणत्या दातात कोणतं सिमेंट आहे हे कळता कामा नये. कळलं की डोळ्याला हवं तेच दिसायला लागतं. म्हणून सुजातानं दाताचा प्रत्येक अर्धा भाग लाल मेणाच्या थाळीत दाबून बसवला — चिरलेली बाजू वर, नेलपॉलिशची बाजू मेणात. वरून बघितलं तर रंग दिसायचा नाही. बघणारी मी होते. दुसऱ्या कुणाला तिनं विचारलंही नव्हतं. थाळ्या माझ्यासमोर ठेवून ती म्हणाली, "मी इथं थांबत नाही वं. थांबली तं तू माह्या तोंडाकडे पाहून आकडा लिहिशील." आणि दार ओढून घेऊन गेली.

सरांचं ते बोलणं ऐकून तेव्हा काही दिवसच झाले होते. मी तिला विचारलं नव्हतं. ती आपण होऊन सांगते का, याची वाट बघत होते. आणि ती काय करत होती? आदल्याच दिवशी तिनं मला हिरव्या टाइल्सचा एक तुकडा आणून दाखवला होता. बघ, हा चांगला दिसेल, म्हणाली होती.

मग मी काय केलं, ते आता.

मेणाला थोडी ऊब मिळाली की ते सुटतं. मी पहिल्या दातावर बोट धरून ठेवलं, सुईनं तो उचकटला — आणि उलटून पाहिला. गुलाबी. परत दाबून बसवला. कुणी बघितलं असतं तर वाटलं असतं, सैल झालेला दात नीट करते आहे.

एकदा उलटल्यावर दुसरा उलटायला काय लागतं? मी एकेक उलटत गेले. गुलाबी असला आणि शाई काठाशीच थांबलेली असली तर आकडा एक घर पुढे. लाल असला आणि शाई आतवर शिरलेली असली तर एक घर मागे. सगळ्यांना नाही — तेवढी अक्कल होती मला. शाई जिथे दोन आकड्यांच्या मधे घुटमळत होती, तिथेच. उद्या कुणी हटकलंच तर मला तरी असंच दिसलं म्हणता येईल, इतपतच. लबाडी करायची आणि सभ्यपणाही सोडायचा नाही, हे आमच्यासारख्या घरांतल्या मुलींना छान जमतं. दुसरे परीक्षक म्हणून सरांनीही बघायचं होतं. ते भिंगाकडे फिरकलेही नाहीत. तू बघितलंस ना, मग झालं, म्हणाले.

मला हवं तरी काय होतं? तिचा प्रबंध बुडवायचा नव्हता. तिच्यात आणि सरांत बिब्बा घालायचा होता. पांढरं सिमेंट जुन्यापेक्षाही गळकं निघालं की सर चिडणार, तिच्याशी वाकड्यात बोलणार. ज्या जागेसाठी तिनं मला टाकलं, ती जागा तिला थोडी कडू लागावी. एवढंच. एवढंच?

झालं त्याहून जास्त. सरांनी आकडे पाहिले आणि म्हणाले, कुठेतरी चुकलं आहे, दात पुन्हा बघा. सुजाता तयार होईना. सगळा विभाग जमलेला असताना तिनं सांगितलं, "सर, वैशाली ने देखा है. मैं देखती तो शायद गलती करती. उसकी नजर गलत नहीं होती." मी तिथेच उभी होते, खिडकीपाशी. सरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.

सरांना तो तिचा उर्मटपणा वाटला. आपल्या हाताखालची मुलगी चारचौघांत आपल्याला खोटं पाडते, हे त्यांनी मनात धरलं. जागा निघाली तेव्हा ती दुसऱ्याच कुणाला मिळाली. सुजाताची नोकरी गेली ती माझ्या डोळ्यांची बाजू घेतल्यामुळे गेली. मी मान डोलावण्याऐवजी तोंड उघडलं असतं तर? नुसतं 'पुन्हा बघते सर' एवढं म्हटलं असतं तरी पुरलं असतं. मी म्हटलं नाही.

अजून आहे. यापुढचं सांगणं मला जास्त जड जातं.

जागा गेल्यावर ती आमच्या घरी आली. आत आली नाही, पायरीवरच बसली. चपलेचा पट्टा ओढत म्हणाली, "मी तुले आधीच सांगायले पाहिजे होतं. बाबाचं काम सुटायले आलं होतं, घरी पक्की नोकरी पाहिजे होती. तुह्या तोंडावर बोलायची हिंमतच नाही झाली. रोज वाटे, आज सांगीन, आन् रोज आपण टाइल्सच पाहत बसलो." आणि रडायला लागली. रडत रडत तिनं माझी माफी मागितली.

आणि मी दिली. ऐकताय ना? मी तिला माफ केलं! पाठीवरून हात फिरवला, आतून चहा आणून दिला, जाऊ दे गं, झालं ते झालं, असं म्हणाले. केवढ्या मोठ्या मनाची वाटले असेन मी तिला. आई दारातून बघत होती. नंतर म्हणाली, माझ्या मुलीचं मन सोन्यासारखं आहे. तिचा चहा संपेपर्यंत माझ्याकडे वेळ होता. ती हळूहळू चहा पिते. मी तिच्या शेजारी बसून होते आणि बोलले नाही.

दवाखाना मी एकटीनंच टाकला. टाइल्स पांढऱ्या. तिला ये म्हटलं नाही, तिनंही विषय काढला नाही. तिला वाटलं असणार, आपला तो हक्क आपणच घालवला. तिनं बीरगांवात छोटा दवाखाना उघडला. कारखान्यांतली माणसं येतात, हात चांगला आहे तिचा, बरं चाललं आहे. आणि मग एक अशी गोष्ट झाली जिचा मी दात उलटताना विचारच केला नव्हता — ती आपल्या प्रबंधावर विश्वास ठेवून बसली.

असं कोण करतं हो? आमच्यातले बहुतेक जण प्रबंध बांधून घेतात आणि कपाटावर टाकून देतात. सुजातानं पांढरं सिमेंट आजवर हातात धरलेलं नाही. मुळाचं टोक कापायची वेळ आली की ती जुनंच भरते. कुणी विचारलं तर ठासून सांगते, आम्ही स्वतः तपासलं आहे. आम्ही! आणि मी माझ्या दवाखान्यात बिनदिक्कत पांढरं वापरते. ती शाई खरोखर कुठवर गेली होती हे मला एकटीला ठाऊक आहे.

हल्ली जाणकार म्हणतात, शाईच्या त्या चाचणीवरून तोंडातल्या दाताचं फारसं काही कळत नाही. ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला किती हायसं वाटलं होतं! जुनं सिमेंटही काही विष नव्हे, पुष्कळांचे दात त्यावर वर्षानुवर्षं टिकतात. ही सगळी वाक्यं मी स्वतःशी म्हणून पाहिली आहेत, आणि ती खरी आहेत. पण दात उलटताना मला यातलं काही माहीत नव्हतं. माहीत असतं तरी उलटले असते.

मागच्या वर्षी सुजाताचा फोन आला. तिच्या स्वतःच्याच वरच्या दातात, जुन्या रूट कॅनलच्या मुळाशी पू धरला होता. हिरडीवर पुळी यायची, फुटायची, पुन्हा यायची. टोक कापण्यावाचून इलाज नव्हता. रायपुरात चांगल्या डॉक्टरांची वानवा आहे का? पण ती आली ती माझ्याकडे. खुर्चीत टेकली, गळ्यात कापड बांधून घेतलं आणि म्हणाली, "ते पांढरं भरू नको बरं, वैशू. आपण पाहिलं हाये."

त्याच्या थोडंच आधी मी माझ्या आईची हीच शस्त्रक्रिया केली होती. आईला मी पांढरं भरलं होतं. तेव्हा दुसरा विचारही मनात आला नव्हता.

सुजाताच्या वेळी मात्र विचारच विचार. तिला न सांगता पांढरं भरून टाकावं? पण जुन्या सिमेंटाला लवंगेचा वास येतो. तो आला नाही तर डोळे मिटलेल्या डेंटिस्टलाही कळतं. मग वासापुरतं जुनं कालवावं आणि आत पांढरं भरावं? तेही डोक्यात आलं — म्हणजे पुन्हा हातचलाखी, आणि या वेळी थेट तिच्या तोंडात. सरळ सांगावं, हा विचार सगळ्यांत शेवटी आला, तेव्हा तिची हिरडी बधिर करून उघडून झाली होती. — नाही. खरं तर तो आधीच आला होता, ती खुर्चीत टेकल्याबरोबर. शेवटी आला असं मी आत्ता लिहिलं.

मी जुनं कालवलं. पेशंटची इच्छा, असं म्हणायला मोकळी होते ना मी! लवंगेचा वास सुटला तसा सुजातानं हिरव्या कापडाखालून हात बाहेर काढला आणि अंगठा दाखवला, बरोबर म्हणून.

आणि हेही सांगून टाकते. ती तशी तोंड उघडून, माझ्या हवाली होऊन पडलेली असताना मला टाइल्सचा तो तुकडा आठवला. जुना राग आला. आणि राग आल्यावर मला बरं वाटलं, हात स्थिर झाला. मी बूच मारलं, टाके घातले.

परवा ती एक्स-रे घेऊन आली होती. मुळाच्या टोकाशी पू असतो तिथे एक्स-रेत काळी सावली दिसते. हाड भरत आलं की ती लहान होत जाते. तिची लहान झालेली नाही. थोडी वाढली आहे. हे सिमेंटामुळेच झालं असं मला शपथेवर सांगता येणार नाही, आणि सिमेंटामुळे नाही असंही सांगता येणार नाही. सुजातानं फिल्म उजेडाकडे धरून आधी स्वतः बघितली होती. ती काही शिकाऊ नाही, मला दिसत होतं ते तिलाही दिसत होतं. तरी फिल्म माझ्या हातात देऊन म्हणाली, "मले तं मोठी वाटून राहिली. पण तू पाह्य अन् सांग. माह्यापेक्षा तुले बरोबर दिसते."

मी फिल्म उजेडाकडे धरली. बराच वेळ बघितल्यासारखं केलं आणि म्हणाले, लहान होते आहे.

तिचा चेहरा मोकळा झाला. दवाखान्यात पेशंट थांबले आहेत म्हणाली, स्कार्फ बांधला आणि बीरगांवला निघून गेली.